गोड केलेला काढा

४ जानेवारी

प्रिय धाकट्या,

बातमी बरी नाही, पण लगेच रडायला बसू नकोस. रडत लिहिलेलं तुझं अक्षर मला लागत नाही.

गेले दोन महिने मला जिना चढवत नव्हता. शिवणाचं दुकान खाली, घर वर, मध्ये बावीस पायऱ्या. पूर्वी एका दमात जायचे. मग मधल्या कठड्यापाशी थांबायला लागले, आणि थांबले हे कोणाला कळू नये म्हणून तिथे उभी राहून पिशवीत किल्ली शोधायचं सोंग करायचे. एकदा चिमणीनं वरून पाहिलं आणि विचारलं, "आई, किल्ली दाराला लावलेली आहे. तू शोधतेस काय?" झालं. दुसऱ्याच दिवशी शाळेत अर्धी रजा टाकून ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. पोटची पोर खरी, पण गणित शिकवते ना, तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

हृदयाचे हे डॉक्टर फारच कमी बोलतात, म्हणून मी त्यांना मुके म्हणते. त्यांनी सांगितलं, अकरा वर्षं मधुमेह अंगात मुरला, त्यानं हृदयाचा स्नायू ढिला पडलाय. मी म्हटलं, म्हणजे जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा का? तेव्हा जरासे हसले. दोन गोळ्या साखरेच्या, एक हृदयाची, एक अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी. वजनही इतकं उतरलंय की स्वतःचेच कपडे रोज आत घेत बसते. गिऱ्हाइकं म्हणतात, आधी स्वतःला शिवा.

गोळ्या मी वेळच्या वेळी घेते. पण मला आपल्या अण्णांचा सालीचा काढा हवाय. साखरेनं थकलेल्या काळजाला ते तोच द्यायचे ना? आपल्या झाडपाल्याच्या दुकानातल्या बाकावर ओळीनं बसून माणसं पेले रिकामे करायची आणि तोंडं वाकडी करायची, ते मला अजून दिसतं. दुकान तुझ्याकडे आलं तेव्हा कृतीही तुझ्याकडेच आली. पाठव. मात्र चिमणीला कळू देऊ नकोस. तिला झाडपाल्याचं वावडं आहे, प्रमाण किती आणि पुरावा काय विचारत बसेल. बाटल्या खालच्या दुकानाच्या पत्त्यावर येऊ देत.

तुझी,
जिन्यात किल्ल्या शोधणारी ताई


११ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं. रडलो नाही, अक्षर बघ, सरळ आहे.

चार बाटल्या पाठवतोय. काढा आटवून घट्ट केला आहे. एक चमचा पेलाभर कोमट पाण्यात, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी. साल आहे, थोडी मेथी आहे, दोन मुळ्या आहेत. साल मी स्वतः निवडली, जुन्या झाडाची, जाड. चाळीस वर्षं अण्णांनी जसा उकळला तसाच आहे. त्यात मी माझं डोकं चालवलेलं नाही, तेव्हा तसं लगेच विचारू नकोस.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. अण्णा कोणालाही पहिला पेला देण्याआधी नडगीवर अंगठा दाबायचे. अंगठा उचलल्यावर खड्डा किती वेळ राहतो ते मोजायचे आणि मग ठरवायचे, कोणाला काय द्यायचं, काय वगळायचं. चांगली चांगली माणसं चिडायची, पण त्यांनी कधी कोणाला सोडलं नाही. टपालानं अंगठा पाठवता येत नाही, तेव्हा तूच कशी आहेस ते नीट लिहीत जा. गोळ्या बंद करू नकोस. आणि दुकानाच्या पाटीवर आता माझं नाव आहे, म्हणून गुण आला तर श्रेय मला दे.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

खरं सांगायचं तर लाज वाटते. तुझ्या चारांपैकी दीड बाटली मी मोरीत ओतली.

इतकं कडू? अण्णा माणसांना बरं करायचे की शिक्षा करायचे? पहिले आठ दिवस नाक दाबून घेतला. नवव्या दिवशी पेला हातात धरून अर्धा तास नुसती बसून राहिले. खाली एक बाई माप द्यायला थांबली होती, तिला वाटलं वर काहीतरी गंभीर चाललंय.

तुला हसू येईल, पण अकरा वर्षांत मी गोडाला शिवलेली नाही. चहा बिनसाखरेचा, फळ मोजून. चिमणीच्या साखरपुड्याला सगळ्यांच्या ताटात मी वाढलं आणि स्वतः मागे उभी राहिले. तेव्हा काही वाटलं नाही. पण हा काढा पिताना वाटलं की आता औषधसुद्धा आपल्याशी वाकड्यात शिरलं. बासष्टाव्या वर्षी जिभेचे लाड करावेत असं नाही, तरी वाटलं. काही करता येईल का रे? साखर नको, मध नको, तेवढं मला कळतं.

श्रेय इतक्यात मिळणार नाही.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

मोरीतली दीड बाटली माफ. काळीज हललं ते तुझ्या साखरपुड्याच्या ओळीनं. त्या दिवशी मीही तिथे होतो, दोनदा मागून खाल्लं, आणि तू खाल्लं नाहीस हे मला दिसलंही नाही.

आता ऐक. मी उपाय काढलाय. काढ्यात ज्येष्ठमध घातला आहे, आणि हात आखडून नाही. ज्येष्ठमधाला साखरेहून जास्त गोडी, पण त्यात साखर नाही, तेव्हा तुझं रक्त तपासलं तरी आकडा हलायचा नाही. दोन दिवस उकळून, चाखून, पुन्हा उकळून प्रमाण बसवलं. चव अशी झालीय की समोरचे घड्याळवाले एक पेला पिऊन दुसरा मागत होते. म्हणून दुकानातही आता हाच काढा चालू केला. बाकावर वाकडी तोंडं दिसत नाहीत. अण्णांना चाळीस वर्षांत जे सुचलं नाही ते मला दोन दिवसांत सुचलं, असं मी म्हणणार नव्हतो, पण म्हटलं.

सहा बाटल्या पाठवतोय. कशी वाटते ते कळव.

धाकटा


२८ मार्च

धाकट्या,

घे बाबा तुझं श्रेय. पोतं भरून घे.

माझं अंग भरलं. गाल वर आलेत, गळ्याची हाडं दिसेनाशी झालीत. रस्त्यात ओळखीचे थांबून म्हणतात की बाई, तुम्ही बऱ्या झालात. आत घेतलेले सगळे कपडे मी पुन्हा उसवून सोडले. अंगठी आता फिरत नाही, साबण लावूनही निघत नाही. चपला मात्र घट्ट होतात, म्हणून पुढचा पट्टा कापून टाकला.

माप घेण्याची खोड कुठे जाणार? एकदा गंमत म्हणून सकाळी टेप घेऊन स्वतःचीच पोटरी मोजली, आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर पुन्हा मोजली. दीड इंचाचा फरक. सकाळची मी आणि संध्याकाळची मी, दोघींना वेगवेगळे पायजमे लागतील. दिवसभर मशीनवर पाय लोंबकळतात, त्यानं होत असेल.

धाप अजून आहे थोडी. उशा दोनाच्या तीन केल्यात. पण जीभ खूश आहे, आणि जीभ खूश तर मी खूश.

शेजारणीलाही काढा आवडलाय. ती हक्कानं मागते, नाही कसं म्हणायचं. या वेळी दोन बाटल्या जास्त पाठव.

तुझी भरलेली ताई


५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. घड्याळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गाल वर आल्याचं वाचून मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. मधुमेह माणसाला आतून पोखरतो, आणि अंग पुन्हा भरायला लागलं की समजावं, औषध मुळाशी पोचलं. मी तर म्हणतो दोनाच्या जागी तीन चमचे घे, दुपारचा एक वाढव.

दहा बाटल्या पाठवतोय. शेजारणीला माझा नमस्कार सांग. पायांचं मनावर घेऊ नकोस, मशीनवरचं काम आहे.

धाकटा


२७ एप्रिल

मामा,

आईला परवा रुग्णालयात दाखल केलं. त्या बावीस पायऱ्यांमधली अकरावी चढताना ती बसली ती उठलीच नाही. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेत, छातीत पाणी झालंय, हृदयाचे ठोके मध्येच चुकतात. डॉक्टर म्हणतात, रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरलंय आणि रक्तदाब वर गेलाय. नुसत्या या गोळ्यांनी हे इतकं व्हायला नको होतं.

कपाटात, शिवणाच्या कापडांच्या गठ्ठ्यामागे, तुमच्या बाटल्या सापडल्या. आईला विचारलं तर म्हणते, नुसती सालच आहे, दुसरं काही नाही. डॉक्टरांचा विश्वास बसत नाही. काल मी तुम्हाला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात की काही ऐकू येत नाही, लिहून पाठव, आणि फोन बंद झाला. म्हणून लिहितेय. आईला सोडून मला येता येत नाही.

डॉक्टरांना एकच गोष्ट हवी आहे. त्या काढ्यात ज्येष्ठमध आहे का? असेल तर ते उपचार बदलणार. अंगातलं पाणी काढण्यासाठी ते जी गोळी वाढवतायत, ती ज्येष्ठमधाबरोबर पोटॅशियम आणखी खाली नेते म्हणे. नसेल तर हीच गोळी चालू राहील. हो किंवा नाही, एवढंच. उलट टपालानं कळवा. मामा, मी रागावलेली नाही. मला फक्त उत्तर हवंय.

चिमणी


५ मे

चिमणी,

तुझं पत्र आज हातात पडलं. आजच लगेच लिहितोय.

हो. आहे. दहा भाग सालीला चार भाग ज्येष्ठमध. फेब्रुवारीपासून.

ती अजून कुठून तरी पीत असेल तर ताबडतोब बंद कर. मला कळव.

मामा


२० मे

धाकट्या,

मी घरी आलेय. वर नाही, खाली दुकानातच. मशीन भिंतीला सरकवून तिथे पलंग टाकलाय. डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. माझं घर माझ्या डोक्यावर आहे आणि मला तिथे जाता येत नाही. गिऱ्हाइकं येतात, माप देतात आणि माझ्या उशीशीच बसून गप्पा मारतात. बरं आहे तसं.

आता मला तुझ्यापुढे मान खाली घालायची आहे. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

शेजारीण कोणी नव्हती. शेजारच्या घराला सहा महिने कुलूप आहे. त्या बाटल्या मी प्यायले. तू दोन चमचे सांगितलेस, मग तीन. मी सात-आठ घ्यायचे. मापं घेऊन झाली की एक पेला, बटण लावून झालं की एक पेला. अकरा वर्षांनी तोंड गोड होत होतं रे. औषध आहे म्हणून कोणाला सांगायला लागत नव्हतं, आणि औषध आहे म्हणून स्वतःलाही काही सांगायला लागत नव्हतं. एवढी वयस्कर बाई मी, आणि कपाटाआड उभी राहून बाटलीला तोंड लावायचे.

आणि याहून वाईट सांगते. रुग्णालयात नेलं तेव्हा माझ्या पिशवीत चहाचा थर्मास होता. त्यात चहा नव्हता, बिनपाण्याचा घट्ट काढा होता, तो मी तिथे घोट घोट पुरवला. चिमणीनं मला विचारलं, काढ्यात काय आहे, तेव्हा मला ज्येष्ठमध माहीत होता. तुझ्या पत्रात तू स्वतः लिहिला होतास. मी म्हटलं, नुसती साल. तुझं नाव डॉक्टरांच्या कागदावर चढू नये असं वाटलं, आणि थर्मासही काढून घेतील असं वाटलं. यातलं आधी काय वाटलं ते आता नक्की सांगता येत नाही.

तीन मेला सकाळी ठोके इतके बिघडले की छातीवर विजेचा झटका द्यावा लागला. मला आठवत नाही, चिमणीला आठवतं. तिचा चेहरा बघितला की कळतं. सातला तुझं पत्र आलं. डॉक्टरांनी गोळी बदलली, पोटॅशियम दिलं, थर्मास गेला, आणि चार दिवसांत पायांची सूज उतरायला लागली. पण काळीज होतं त्याहून आणखी ढिलं झालं ते झालंच. मुक्या डॉक्टरांनी या वेळी एक अख्खं वाक्य बोलून दाखवलं. म्हणाले, हे आठवडाभर आधी कळलं असतं तर झटक्याची वेळच आली नसती.

चिमणी तुझ्यावर खूश आहे. सगळ्यांना सांगते की मामांनी पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर टाकलं, काही लपवलं नाही, प्रमाणसुद्धा कळवलं. टपालखात्याला मात्र शिव्या घालते. तू ये. तुला बघावंसं वाटतं.

ताई


२७ मे

ताई,

येत नाही. का ते लिहितो.

चिमणीचं पत्र मला एकोणतीस एप्रिललाच मिळालं. टपालाला दोन दिवस लागले. उरलेले दिवस माझे आहेत.

आणि त्याच्याही आधी, सव्वीसला तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज लख्ख ऐकू येत होता. खलबत्त्यात कुटून कुटून कान थोडे गेलेत हे खरं, पण इतके नाहीत. ती म्हणाली, आई रुग्णालयात आहे, पाय सुजलेत, त्या काढ्यात ज्येष्ठमध आहे का? तो शब्द कानावर पडला आणि मला अण्णा आठवले. ज्यांच्या नडगीवर खड्डा राहायचा त्यांच्या पुड्यात ते ज्येष्ठमध कधीच घालायचे नाहीत, खोकला असला तरी नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. पण ते वगळायचे, हे मी वीस वर्षं शेजारी उभा राहून बघितलं होतं. तू पोटऱ्यांची मापं लिहून पाठवलीस. अंगठी, चपला, तीन उशा, सगळं लिहिलंस. अण्णांना याहून काय जास्त कळलं असतं? आणि मी ते पत्र बाकावर मोठ्यानं वाचून टाळ्या घेतल्या.

म्हणून मी फोनमध्ये म्हटलं, ऐकू येत नाही. ती ओरडून विचारायला लागली. मी पुन्हा म्हटलं, लिहून पाठव. तासाभरानं तिचा पुन्हा फोन आला, तेव्हाही तेच. मला वाटलं, चार दिवस मिळतील, तोवर तू आपोआप बरी होशील आणि सांगायची वेळच येणार नाही. पत्र आलं ते मी तराजूखाली ठेवलं. रोज दुकान उघडलं की तराजू उचलून बघायचो, आणि परत ठेवायचो. फोन उचलून "हो" म्हणायला किती वेळ लागतो? मला नऊ दिवस लागले. त्यात तीन तारीख आली.

पाच मेला सकाळी मी घड्याळवाल्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. सहज, जाता जाता. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग चिमणीला उत्तर लिहायला बसलो. तुझ्यासाठी नाही लिहिलं मी ते पत्र, ताई. ते समोर बसले होते म्हणून लिहिलं गेलं. त्यांना काढा बंद करायला सांगितलं, लगेच डॉक्टरकडे धाडलं, उरलेला सगळा काढा ओतून दिला. मग ज्यांनी ज्यांनी नेला होता त्या सतरा जणांकडे जाऊन आलो. घड्याळवाल्यांची सूज आता उतरली आहे. त्यांनी मला एकच विचारलं: "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. ते उठून गेले. आता ते रस्ता ओलांडून इकडे येत नाहीत.

तू सात-आठ चमचे प्यायलीस हे वाचून मला क्षणभर हलकं वाटलं, तेही लिहून टाकतो. वाटलं, म्हणजे सगळं माझंच नाही. असा भाऊ आहे तुझा. कुठल्या तोंडानं येऊ?

धाकटा


८ जून

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कोणाचं माप घेतलं नाही. चिमणीला वाटलं, पुन्हा काही होतंय. डॉक्टरांना बोलवायला निघाली होती.

राग आला आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. तो झटका मला आठवत नाही, पण छातीवर दोन भाजल्याचे डाग आहेत, आणि अंघोळीला बसले की ते दिसतात. आता ते बघताना तुझा तराजू डोळ्यांसमोर येतो. वाटतं, मेला फोनवर एक शब्द बोलला असता तर. मग माझा थर्मास आठवतो आणि माझीच जीभ चावते. तुला तरी चिमणीनं लांबून विचारलं. मला तिनं हात हातात धरून विचारलं होतं.

आता मी सांगते ते ऐक. चिमणीला यातलं काही कळू द्यायचं नाही. माझं आणि थर्मासचं तिला कळलं आहे. एक आठवडा ती माझ्याशी शिक्षिकेच्या आवाजात बोलत होती, आता निवळली. पण तुझं कळलं तर ती तुला या घराची पायरी चढू देणार नाही. मी तिला ओळखते, ती उत्तर चुकलं तर माफ करते, चोरलं तर करत नाही. आणि मला किती दिवस आहेत ते मुके डॉक्टर सांगत नाहीत, म्हणजे फार नसावेत. मला ते दिवस तुझ्याशिवाय काढायचे नाहीत. अण्णा गेले, आई गेली, माझी मापं लहानपणापासून पाहिलेला तू एकटा उरलास.

ती टपालखात्याला शिव्या घालते, घालू दे. मीही काल तिच्या सुरात सूर मिसळला. म्हटलं, हल्ली पत्रं वेळेवर कुठे येतात. बोलताना तोंड कडू पडलं, पण बोलले. पुढच्या रविवारी ये. दारात रडू नकोस, तिला संशय येईल. खुर्ची टाकून ठेवते.

ताई


१४ जून

चिमणी,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे तुझ्या आईच्या हातात आधी पडायचं नाही. तिला विचारल्याशिवाय लिहितोय. तिनं मला नको म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. ती मला वाचवायला बघत होती. लहानपणी बरणी मी फोडायचो आणि तुझ्या आजीपुढे जाऊन ती उभी राहायची, तशीच अजून वागते.

तू टपालखात्याला बोल लावतेस असं कळलं. टपालखात्यानं काही केलेलं नाही. तुझं पत्र मला एकोणतीस एप्रिलला सकाळी अकरा वाजता मिळालं. पाकीट सोबत ठेवलंय, मागच्या बाजूला आमच्या टपाल कचेरीचा शिक्का आहे. तारीख तूच वाच. "आज हातात पडलं" हे मी पाच मेला लिहिलं ते खोटं होतं. मधले सहा दिवस ते माझ्या दुकानात होतं, वाचलेलं. तुझा प्रश्न मला त्याच्याही आधी, सव्वीसलाच समजला होता, आणि उत्तर मला माहीत होतं. तीन तारखेला तुझ्या आईला जे सोसावं लागलं ते माझ्यामुळे. तिथे तू एकटी उभी होतीस, तेही माझ्यामुळे.

का केलं, याला माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. लोक मला अण्णांचा मुलगा म्हणून मान देतात, आणि तो मान जाईल याची भीती वाटली. एवढंच होतं. लिहून बघितलं की फारच लहान दिसतं.

तुझी आई रविवारी माझ्यासाठी खुर्ची टाकून ठेवणार आहे. मला यायचं आहे. पण तुला फसवून त्या खुर्चीत बसायची माझी छाती नाही. तू येऊ नका म्हणालीस तर येणार नाही, आणि आईला सांगेन की माझीच तब्येत बरी नाही. नाही, तेही सांगणार नाही. तू नको म्हणालीस असंच सांगेन.

पत्रानं उत्तर देऊ नकोस, त्यात पुन्हा दिवस जातात. फोन कर. काय बोलायचं ते बोल, हवं तेवढं बोल. मला ऐकू येतं.

मामा